लाल गाडी गुलाबी पडते तेव्हा : रंग कधी परत येतो, कधी येत नाही

कल्याणहून उल्हासनगरमार्गे अंबरनाथ, बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधरा-वीस वर्षांची लाल मोटार दिसली, की तिच्या अंगावर बहुधा एक नव्हे, तीन लाल रंग आढळतात. दारे अजून बऱ्यापैकी लाल असतात, बॉनेट विटकरी झालेले असते आणि छत खडूची पूड फासल्यासारखे गुलाबी पडलेले असते. अशा गाडीच्या मालकाला दोनच सल्ले मिळतात. एक, गाडी पूर्ण रंगवून घ्या. दुसरा, रबिंग-पॉलिश मारा, चकाचक होईल. पहिल्या सल्ल्याने अनेकदा विनाकारण खर्च होतो आणि कारखान्यातून आलेला मूळ रंग कायमचा जातो. दुसऱ्या सल्ल्याने कधी कधी पत्र्यावर उरलेला रंगही हातचा जातो. कोणता सल्ला मानावा हे एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. दिसणारा लाल रंग हाच गाडीचा सर्वांत वरचा थर आहे, की त्यावर आणखी एक पारदर्शक थर आहे? गाडी गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर घरच्या घरी, पांढऱ्या फडक्याने मिळू शकते.

या पट्ट्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक भेडसावतो, याला कारणे आहेत. येथील बहुसंख्य नोकरदार सकाळी लोकलने मुंबई-ठाण्याकडे जातात आणि रात्री परततात. गाडी आठवड्यातील पाच-सहा दिवस जागच्या जागी उभी असते, तीही बहुधा उघड्यावर. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये वसलेले निर्वासितांचे शहर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या दाट वस्तीत मोटारीसाठी छपराची जागा मिळणे ही चैनच होय. अंबरनाथ आणि बदलापुरातील जुन्या इमारतींतही वाहनतळाचा विचार फारसा झालेला नाही. त्यात बदलापूरचा उन्हाळा. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात मार्च-एप्रिलमध्ये पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो.

हवेचाही वाटा आहे. अंबरनाथ आणि बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक तसेच अभियांत्रिकी कारखाने आहेत. हवेतील आम्लधर्मी वायू रात्रीच्या दवात विरघळतात आणि सकाळी दव उडून गेले, की त्यांचा अंश रंगावर राहतो. लोहमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना आणखी एक त्रास असतो. रुळ, चाके आणि ब्रेक यांच्या घर्षणातून निघणारे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण रंगात रुततात आणि पावसाळ्यात गंजतात. पांढऱ्या गाडीवर हे तांबूस ठिपके लगेच दिसतात. लाल गाडीवर ते रंगात मिसळून जातात आणि मालकाला पत्ताच लागत नाही.

लालच का उडतो?

एखादी वस्तू लाल दिसते ती लाल प्रकाश परावर्तित करून. उरलेला निळा-हिरवा प्रकाश ती शोषून घेते. निळ्या आणि त्यापलीकडील अतिनील किरणांत ऊर्जा अधिक असते. ही ऊर्जा शोषताना रंगद्रव्याच्या रेणूंतील बंध हळूहळू तुटतात आणि रेणू तुटला की त्याचा रंगही जातो. अर्थात सगळेच लाल सारखे नसतात. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते उन्हाला दाद देत नाही. म्हणूनच लोखंडी दारे-खिडक्यांवरील 'रेड ऑक्साइड' वर्षानुवर्षे तसेच राहते. मात्र त्याचा रंग मंद, मातकट. मोटारीला हवा असतो तो झगझगीत लाल आणि तो बहुतांशी कार्बनी रंगद्रव्यांपासून मिळतो. जुन्या काळातील स्वस्त 'अ‍ॅझो' प्रकारची द्रव्ये उन्हात लवकर हार मानत. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने 'क्विनाक्रिडोन' द्रव्ये बाजारात आणली आणि १९८० च्या दशकात सिबा-गायगी कंपनीने 'डीपीपी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी द्रव्ये आणली, तेव्हा लाल रंग बराच टिकाऊ झाला. नव्या लाल गाड्या जुन्यांइतक्या लवकर फिकट पडत नाहीत, त्यामागे ही प्रगती आणि पारदर्शक थर अशी दोन्ही कारणे आहेत.

परंतु गुलाबी दिसणाऱ्या छतावरील सगळेच रंगद्रव्य मेलेले असते असे नाही, आणि मालकाच्या दृष्टीने हीच महत्त्वाची गोष्ट आहे. रंगात रंगद्रव्याइतकाच भाग त्याला बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा, म्हणजे राळेचा असतो. ऊन, ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे वरच्या वर ही राळ झिजते, कोरडी होते, भुसभुशीत बनते. गुळगुळीत पृष्ठभागाच्या जागी असंख्य खळगे तयार होतात. त्यांवर पडणारा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढरट झाक दिसते. लालावर पांढरट झाक म्हणजे गुलाबी. हाताला लागणारी पूड ती हीच. तिच्या खाली चांगला रंग शाबूत असू शकतो.

तो आहे की नाही, याचा अंदाज पाण्याने घेता येतो. फिकट भागावर पाणी ओतावे. ओला असेपर्यंत तो भाग पुन्हा गडद लाल दिसला, तर खळगे पाण्याने भरले आणि प्रकाश आतपर्यंत पोचला असा अर्थ. अशा रंगात जीव आहे. ओला होऊनही तो गुलाबीच राहिला, तर ऱ्हास खोलवर गेला आहे. मूळ रंग नेमका कोणता होता हे पाहायचे असेल, तर दाराच्या आतील चौकट किंवा डिकीच्या बिजागरीजवळचा भाग पाहावा. तेथे ऊन पोचलेले नसते.

एक थर की दोन?

आपल्याकडे १९८० आणि ९० च्या दशकांतील साधे, म्हणजे धातूची चमक नसलेले रंग बहुधा एकाच थराचे असत. प्रायमरवर थेट रंग आणि तोच शेवटचा थर. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी 'प्रीमियर पद्मिनी', त्याच कंपनीने १९९० च्या दशकात कल्याणजवळ जुळणी केलेली 'प्युजो ३०९' आणि सर्वांच्या परिचयाची 'मारुती ८००' या आता जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांच्या काळातली ही गोष्ट. 'मारुती ८००' चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पण पुढे पुढे रंगाच्या थरावर पारदर्शक 'क्लिअर कोट' देण्याची पद्धत रूढ होत गेली. शिवाय गाडी मध्यंतरी कोणी रंगवली असेल, तर उत्पादनाच्या वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तपासणी केलेली बरी.

स्वच्छ पांढरे सुती फडके घ्यावे, त्यावर थोडे सौम्य पॉलिश घ्यावे आणि धुतलेल्या गाडीच्या एखाद्या नजरेआड भागावर, उदाहरणार्थ दाराच्या खालच्या कडेला, हलके घासावे. फडके लाल झाले, तर गाडी एकेरी थराची. फडके पांढरे किंवा मळकट राहिले, तर वर क्लिअर कोट आहे. एकच अपवाद ध्यानात ठेवावा. क्लिअर कोट पूर्ण उडून खालचा रंग उघडा पडलेल्या जागी घासल्यास तेथेही फडके लाल होते. म्हणून तपासणी छतावर न करता चांगल्या स्थितीतील भागावर करावी.

जुनी गाडी पूर्वी 'ड्यूको'ने, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाने रंगवली गेली असण्याची शक्यताही असते. त्यासाठी थिनरचा एक थेंब लावलेला कापूस अदृश्य कोपऱ्यात दाबून पाहावा. ड्यूको लगेच विरघळून कापसाला लागतो. कारखान्यात भट्टीत तापवलेला रंग किंवा हार्डनर घातलेला पीयू रंग असा सुटत नाही. ड्यूको असेल तर पेट्रोल, थिनर यांना गाडीजवळ फिरकू देऊ नये.

एकेरी थराची गाडी

या गाडीचा मालक खरा भाग्यवान. रंग दिसायला भीषण असला, तरी परत येण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते. मात्र घाई केल्यास नुकसानही येथेच होते, कारण कोरडा, भुसभुशीत रंग घासणाऱ्या पेस्टखाली भराभर निघून जातो.

प्रथम गाडी सावलीत धुवावी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, म्हणून सकाळची वेळ उत्तम. कार शाम्पू, दोन बादल्या आणि मऊ फडके पुरेसे. साबणाच्या पाण्याची एक आणि फडके खंगाळण्याची दुसरी बादली ठेवली, की धुळीचे कण पुन्हा गाडीवर घासले जात नाहीत. या भागात अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. ते पाणी जड असते आणि उन्हात वाळले, की क्षारांचे पांढरे डाग रंगावर बसतात. शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची असावी आणि गाडी वाऱ्यावर वाळू न देता लगेच पुसावी.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालून बोटे पत्र्यावर फिरवावीत. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट जाणवते. खरखर असेल तर ते रुतलेले कण. ते काढण्यासाठी 'क्ले बार' नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. भरपूर शाम्पूच्या पाण्यावर ती हलक्या हाताने फिरवली, की कण तिला चिकटून निघतात. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यावी. पैसे वाचवण्यासाठी तीच पुन्हा वापरल्यास गाडीवर ओरखडे उठतात.

यानंतरची पायरी बहुतेक गॅरेजमध्ये गाळली जाते. ती म्हणजे रंगाला तेल पाजणे. घासणारे कण नसलेले, तैलयुक्त पॉलिश मिळते. जाणकार त्याला 'ग्लेझ' म्हणतात. टर्किश टॉवेलच्या तुकड्याने ते छतावर आणि बॉनेटवर सढळ हाताने चोळावे आणि गाडी सावलीत रात्रभर तशीच ठेवावी. कोरड्या राळेच्या खळग्यांत तेल मुरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे पॉलिश घेऊन चोळावे आणि पुसावे. फडके लालभडक होईल. घाबरण्याचे कारण नाही. निघतो आहे तो बराचसा मेलेला थर. मात्र फडके वारंवार बदलावे, नाहीतर निघालेली पूडच पुन्हा घासली जाते. पत्रा फार कोरडा असेल तर हे दोनदा-तीनदा करावे लागते. अनेक गाड्यांत या एवढ्यानेच रंगाची खोली परत येते आणि रबिंग कंपाऊंडची गरजही उरत नाही.

त्यानंतरही निस्तेजपणा राहिला, तरच अतिशय बारीक कणांचे पॉलिश घ्यावे, आणि तेही आधी वीतभर चौरसावर वापरून पाहावे. हा चौरस मास्किंग टेपने आखून घ्यावा. टेप काढल्यावर कडेला दिसणारा फरक हा संपूर्ण कामाचा नमुना असतो. जेवढ्या सौम्य पॉलिशने काम भागते तेवढेच सौम्य घ्यावे. बारीक पॉलिशने जमत असताना जाड कंपाऊंड घेणे म्हणजे रंगाची पुढील काही वर्षे आजच खर्च करणे. आणि शेवटी मेण, म्हणजे वॅक्स. एकेरी थराच्या रंगाला हवेपासून वाचवणारे दुसरे काहीच नसते. मेण न लावता सोडलेली गाडी काही महिन्यांत पुन्हा धुरकटते आणि मग 'पॉलिश टिकत नाही' अशी तक्रार होते.

काही चालक रॉकेल, डिझेल किंवा खोबरेल तेलाचा हात फिरवतात. त्याने गाडी तत्काळ चमकते, कारण खळगे भरतात. पण राळ सुधारत नाही आणि चिकट पृष्ठभागावर धूळ बसते. पहिल्या पावसात ती चमक धुऊन जाते. रॉकेलने तर आधीचे मेणही निघते.

पारदर्शक थराची गाडी

येथे चित्र वेगळे आहे. वरचा थर नुसता धुरकट असेल, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे असतील, तर कंपाऊंड आणि पॉलिशने तो स्वच्छ होतो व खालचा लाल पुन्हा उजळतो. परंतु क्लिअर कोटला पापुद्रे सुटले असतील, छतावर नकाशासारखे पांढरे डाग पडून त्यांच्या कडा नखाला लागत असतील, तर कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. निघून गेलेला थर घासून परत येत नाही. घासल्याने उरलेल्या पापुद्र्यांच्या कडा मात्र आणखी सुटतात. अशा गाडीवर 'टेफ्लॉन' किंवा अलीकडचे 'सिरॅमिक कोटिंग' मारून देणारा खर्च वाढवतो, दोष झाकत नाही. तेवढा भाग रंगवणे हाच उपाय.

येथे काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला, तर दोन केसांइतकी. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. कंपाऊंडच्या एका फेरीत त्यातले काही मायक्रॉन जातात. अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात असतात, म्हणून तो पातळ झाला की खालच्या लाल रंगाचे संरक्षणही घटते. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या मालकाची गाडी दहा वर्षांनी त्याच्या शेजाऱ्याच्या अस्वच्छ गाडीपेक्षा वाईट दिसते, त्याचे कारण हे आहे. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आता मोठ्या डिटेलिंग केंद्रांत असते. काम सुरू करण्यापूर्वी मोजणी करून दाखवा, असे सांगण्यास संकोच करू नये.

यंत्राबाबत एक सावधगिरी. बफिंगसाठीचे फिरते यंत्र मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे घेते. काही ठिकाणी मात्र लोखंड कापण्याच्या छोट्या ग्राइंडरलाच बफ बसवलेले दिसते. त्याचा वेग १० हजार फेऱ्यांच्या वर असतो. त्या उष्णतेने रंग क्षणात करपतो. बॉनेटच्या उभट रेषा, दाराच्या कडा, चाकांवरील वळणे येथे रंग मुळातच पातळ असतो. तेथे टेप लावून शेवटी हातानेच घासावे. प्लास्टिकचे बंपर पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाहीत, त्यामुळे त्यांवरचा रंग सर्वांत आधी जळतो. नवशिक्याने फिरता-फिरता लंबवर्तुळाकार हलणारे 'ड्युअल अ‍ॅक्शन' यंत्र वापरावे. ते संथ आहे, पण क्षमाशील आहे.

रंगवायचेच ठरले तर

लाल हा रंगाऱ्याची परीक्षा पाहणारा रंग. त्याची झाकण्याची शक्ती कमी असते, म्हणून खालचा प्रायमर करडा आहे की पांढरा यावरून वरचा लाल बदलतो. पुट्टी भरलेला भाग आणि जुना भाग यांवर एकच प्रायमर एकसारखा मारून घेतला नाही, तर उन्हात गाडी ठिगळे लावल्यासारखी दिसते. गाडीवरील पट्टीत रंगाचा संकेतांक असतो, पण वीस वर्षांच्या गाडीला तो तंतोतंत लागू पडत नाही, कारण शेजारचा भाग फिकट झालेला असतो. आधी जुना भाग पॉलिश करून त्याचा खरा लाल बाहेर काढावा आणि मग नवा रंग त्याला जुळवावा. हा क्रम उलटा झाला, तर नंतर पॉलिश केल्यावर दोन भाग पुन्हा वेगळे दिसतात. नमुना गाळ्यातील ट्यूबलाइटखाली नव्हे, बाहेर उन्हात पाहावा. दोन लाल ट्यूबलाइटमध्ये एक आणि उन्हात वेगळे दिसणे, हे नेहमीचेच.

कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांवर भाजला जातो. जुळवलेल्या गाडीला, तिच्यातील रबर आणि प्लास्टिकमुळे, एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून घट्ट होणारा पीयू रंग वापरतात. बूथ असेल तर तो सुमारे ६० अंशांवर वाळवतात. बूथ नसलेल्या गाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये रंगकाम टाळावे. हवेतील ओलाव्यामुळे ड्यूको वाळतानाच पांढरा पडतो आणि पीयूची चमक मरते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ या भागात सर्वांत चांगला.

गाडीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे रंगाऱ्याची फुप्फुसे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. त्यांच्या तुषारांमुळे दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्राही त्रास देते. नाकाला बांधलेल्या रुमालाचा त्यापुढे काहीच उपयोग नाही. योग्य फिल्टरचा किंवा बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. स्वस्तात रंगवून देणाऱ्या गाळ्याचा दर अनेकदा याच मुखवट्याच्या अभावातून कमी झालेला असतो. जुन्या लाल रंगांत शिशाची संयुगे असण्याची शक्यताही विसरू नये. भारतात रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत, मोटारीच्या रंगांसाठी नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी आणि वॉटर पेपरने घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि गाळ नाल्यात सोडू नये. अंबरनाथ-उल्हासनगरातील नाले वालधुनीला मिळतात आणि त्या नदीवर आधीच पुरेसे ओझे आहे.

लाल गाडी लालच रंगवायची असेल, तर परिवहन कार्यालयात जाण्याची गरज नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर रंगाची नोंद असते. लालऐवजी वेगळा रंग दिल्यास मात्र ती बदलून घ्यावी लागते. या पट्ट्यातील गाड्यांसाठी हे काम 'एमएच-०५' क्रमांक देणाऱ्या कल्याणच्या कार्यालयात होते. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. रंगावर खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा आणि तळाचा पत्रा, दाराखालची पट्टी, डिकीतील चाकाची जागा यांत गंज किती आहे हेही पाहावे. खालून कुजलेल्या गाडीला वरून लाल करण्यात अर्थ नाही.

परत आलेला रंग टिकवणे त्यामानाने सोपे. दर तीन-चार महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी न चुकता, मेणाचा हात द्यावा. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक दिसताच ओल्या फडक्याने आधी भिजवून मग पुसावा. रंगपंचमीचा रंग पाण्याने धुवावा, कोरड्या फडक्याने झटकू नये. गाडीला झाकण घालायचे तर हवा खेळणाऱ्या कापडाचे. ताडपत्री किंवा प्लास्टिकखाली पावसाळ्यात वाफ कोंडते आणि रंगाला फोड येतात. धुळीने भरलेल्या गाडीवर झाकण ओढणे हेही पॉलिश पेपर ओढण्यासारखेच. २६ जुलै २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने बदलापुरातील अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी वाळलेला गाळ पुसण्याचा मोह टाळावा. नळीने भरपूर पाणी सोडून तो वाहून जाऊ द्यावा आणि दारांच्या खालची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी करावीत.

जुनी लाल गाडी विकत घेणाऱ्यांनी तेल-रॉकेलच्या चमकेपासून सावध राहावे. व्यवहारापूर्वी छताचा एक भाग शाम्पूच्या पाण्याने धुवावा, पुसावा आणि अर्धा तास उन्हात ठेवावा. तेलाची चमक असेल, तर तेवढ्या वेळात गुलाबी रंग वर येतो. मग दाराच्या आतील चौकटीचा लाल आणि बाहेरचा लाल शेजारी ठेवून पाहावेत, आणि बोली त्यानंतर लावावी.